मोंढ्यातल्या पट्टीवरून एक्सएमएल

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घातलं की आडत्याकडून शेतकऱ्याच्या हातात हिशोबाची पट्टी पडते. तारीख, गाव, कट्टे (पोती) किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली, तोलाई आणि खाली हातात येणारी रक्कम. जन्मभर अशा पट्ट्या पाहिलेला माणूस तिच्यावर एक नजर फिरवतो आणि 'हमाली जास्त लावली की हो' म्हणून मोकळा होतो. कुठल्या रकान्यात काय असतं हे त्याला पाठ असतं.

आता तीच पट्टी रकान्यांची नावं काढून एका ओळीत लिहू. आकडे नमुन्याचे आहेत.

१०७, २०२५-११-१४, ७१, औसा, सोयाबीन, २२, १३.२०, ४४५०, २२०, ६६

यातले २२० कशाचे? मोंढ्यातला माणूस अंदाजाने सांगेल. कॉम्प्युटरला अंदाज नसतो. 'नववा रकाना म्हणजे हमाली' असं कुणीतरी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेलं असतं, म्हणून काम चालतं. पुढच्या हंगामात वजनानंतर ओलाव्याचा एक रकाना वाढला की सगळी रांग एक घर पुढे सरकते. ओलाव्याचे ११ भावाच्या जागी जाऊन बसतात आणि सोयाबीन अकरा रुपये क्विंटलने विकलं जातं. प्रोग्रॅम मात्र चूं करत नाही, आकड्याच्या जागी त्याला आकडा मिळालेला असतो.

एक्सएमएल, म्हणजे माहिती लिहून ठेवायची एक पद्धत, हा या अडचणीवरचा उपाय आहे. माहितीचा प्रत्येक तुकडा कशाचा आहे ते त्या तुकड्यालाच चिकटवून ठेवायचं.

<पट्टी क्रमांक="१०७">
  <दिनांक>२०२५-११-१४</दिनांक>
  <शेतकरी खाते="७१">
    <गाव>औसा</गाव>
  </शेतकरी>
  <माल>
    <नाव>सोयाबीन</नाव>
    <कट्टे>२२</कट्टे>
    <वजन एकक="क्विंटल">१३.२०</वजन>
    <भाव>४४५०</भाव>
  </माल>
  <कपात>
    <हमाली>२२०</हमाली>
    <तोलाई>६६</तोलाई>
  </कपात>
</पट्टी>

कॉम्प्युटरची एक ओळ न शिकलेल्या माणसालाही हे वाचता येतं. टोकदार कंसातल्या नावाला टॅग म्हणतात. <हमाली> हा सुरुवातीचा टॅग, आणि तिरकी रेघ असलेला </हमाली> हा बंद करणारा. दोन्ही टॅग आणि मधला मजकूर मिळून एक एलिमेंट होतं. सुरुवातीच्या टॅगच्या आतच लिहिलेलं एकक="क्विंटल" हे ॲट्रिब्यूट, म्हणजे त्या एलिमेंटबद्दलची जास्तीची माहिती. सगळ्यांना पोटात घेणारी <पट्टी> हे रूट एलिमेंट. एका फाइलीत रूट एकच असतं. शंभर पट्ट्या एका फाइलीत ठेवायच्या तर बाहेरून <पट्ट्या> असा आणखी एक टॅग गुंडाळावा लागतो.

ओलाव्याचा रकाना वाढवायचाय? <माल>च्या आत <ओलावा>११</ओलावा> टाका. नावाने शोधणाऱ्या प्रोग्रॅमला भाव पूर्वी मिळत होता तसाच मिळतो, त्याची जागा सरकली तरी बिघडत नाही.

हे स्वतः करून बघा. नोटपॅडमध्ये वरची पट्टी टाइप करा, सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ निवडा आणि फाइलीच्या नावापुढे टिंब देऊन एक्स, एम, एल ही इंग्रजी अक्षरं लावा. मग फाइल क्रोममध्ये उघडा. या फाइलीला कसलीही स्टाइल जोडलेली दिसत नाही, अशी सूचना वरच्या बाजूला येईल आणि खाली पट्टीचं झाड दिसेल, फांद्या मिटता-उघडता येणारं. इतर उदाहरणांत फाइलीच्या पहिल्या ओळीत व्हर्जन आणि एन्कोडिंग सांगणारी घोषणा दिसते. ती लिहिणं चांगलं, पण व्हर्जन १.० मध्ये नसली तरी अडत नाही. ती नसेल तर यूटीएफ-८ धरून चालतात.

स्टाइल नसल्याची ती सूचना वाचून वर्गातली पोरं बिचकतात. घाबरायचं कारण नाही. एक्सएमएल स्वतः काहीच करत नाही. बेरीज करत नाही, रंग देत नाही, छापत नाही, पाठवत नाही. ते नुसतं माहिती नावानिशी मांडून ठेवतं. काम करायचं ते दुसऱ्या कुणीतरी. एचटीएमएलशी, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेशी, गोंधळ होतो तो इथेच, कारण दिसायला दोन्ही सारखी. पण एचटीएमएलचे टॅग आधीपासून ठरलेले आहेत आणि ब्राउझरला त्यांचा अर्थ माहीत आहे. एक्सएमएलमध्ये टॅग तुम्ही ठरवायचे. <हमाली> म्हणजे काय हे जगातल्या कुठल्याच ब्राउझरला ठाऊक नाही.

ही कल्पना बरीच जुनी. आयबीएममध्ये १९६९ साली, वकिली शिकलेले चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांचे दोन सहकारी कायद्याची कागदपत्रं कॉम्प्युटरवर सांभाळण्याचं काम करत होते, त्यातून जीएमएल ही मजकुरात खुणा करायची भाषा निघाली. तिचीच वाढ म्हणजे एसजीएमएल, जी १९८६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झाली. ती ताकदीची होती, पण अवजड. वेबसाठी तिला छाटून हलकं केलं ते एक्सएमएल. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ ला व्हर्जन १.० जाहीर केलं आणि आजही बहुतेक जग तेच वापरतं. दर सहा महिन्यांनी नवं काहीतरी शिकावं लागणाऱ्या या धंद्यात हे विशेषच म्हणायचं.

नियम थोडे, पण सूट नाही

उघडलेला प्रत्येक टॅग बंद झाला पाहिजे. ॲट्रिब्यूटची किंमत अवतरणचिन्हात पाहिजे. टॅगच्या नावात मोकळी जागा चालत नाही. <हमाली दर> असं लिहिलंत तर वाचणारा प्रोग्रॅम, त्याला पार्सर म्हणतात, 'हमाली' हे नाव आणि 'दर' हे अर्धवट ॲट्रिब्यूट समजतो आणि थांबतो. आत काहीच नसलेलं एलिमेंट <शेरा/> असं एका टॅगात उरकता येतं.

नव्या माणसाला सगळ्यात जास्त अडवतो तो टॅगांच्या क्रमाचा नियम. घरातली उतरंड आठवा. सगळ्यात शेवटी ठेवलेलं मडकं सगळ्यात आधी उतरवायचं. टॅगांचंही तसंच, शेवटी उघडलेला आधी बंद करायचा. <माल><नाव>तूर</माल></नाव> हे चुकलं, कारण आतला <नाव> उघडा असताना बाहेरचा <माल> बंद केला. एका एलिमेंटचा अर्धा भाग आत आणि अर्धा बाहेर, असं एक्सएमएलमध्ये कधीच नसतं.

हे सगळे नियम पाळणाऱ्या फाइलीला वेल-फॉर्म्ड म्हणतात. नियम मोडला तर? एचटीएमएलमध्ये टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर सांभाळून घेतो, जमेल तसं पान दाखवतो. एक्सएमएलच्या पार्सरला अशी दयामाया दाखवायची परवानगीच नाही. मानकातच लिहिलंय की अशी चूक घातक धरायची आणि पुढचं नेहमीचं काम थांबवायचं. शिकणाऱ्याला हे जाचक वाटतं, पण मला हा त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. पैशाच्या हिशोबात 'जमेल तसं' नको असतं.

मराठीत टॅग लिहिताना

वर मी टॅग मराठीत लिहिले ते समजायला सोपं जावं म्हणून, पण ते खरोखर चालतात. एक्सएमएल पहिल्या दिवसापासून युनिकोडवर, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकावर, उभं आहे, देवनागरी नावांना त्यात मज्जाव नाही. तरी काही खाचखळगे आहेत आणि इंग्रजी पुस्तकांत ते सापडत नाहीत.

पहिला ऱ्हस्व-दीर्घाचा. <तूर> उघडून </तुर> ने बंद केलं की पार्सरच्या लेखी ते दोन वेगळे टॅग. शुद्धलेखनावर इतका कडक मास्तर शाळेतही भेटला नसेल.

दुसरा डोळ्यांना दिसतच नाही. 'ऱ्या' मधला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो, एकतर अखंड एक अक्षर म्हणून, नाहीतर साधा 'र' आणि त्याखाली नुक्त्याचं टिंब असा जोडून. 'ॲ'चंही तेच. एका कीबोर्डवर ते एक अक्षर असतं, दुसऱ्यावर 'अ' आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पण पार्सर अक्षराचं रूप बघत नाही, त्यामागचा क्रमांक बघतो. <शेतकऱ्याचे-नाव> हा टॅग मोबाइलवर उघडला आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बंद केला, तर कितीही डोळे फाडून बघितलं तरी चूक सापडणार नाही आणि फाइल मात्र उघडणार नाही. यावर साधा उपाय म्हणजे नावं आखूड आणि जोडाक्षरांशिवायची ठेवा, आणि बंद करणारा टॅग हाताने न लिहिता सुरुवातीचा कॉपी करा.

तिसरा जुन्या फाँटांचा. आपल्याकडच्या बऱ्याच डीटीपीच्या दुकानांत अजून कृतिदेव, शिवाजी यांसारखे फाँट चालतात. त्यात टाइप केलेलं मराठी हे खरं मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट त्यांना देवनागरी कपडे घालतो. एक्सएमएलच्या साध्या मजकुरात फाँट कुठे साठवलेला नसतो, त्यामुळे कपडे उतरतात आणि कचरा उरतो. शिवाय < आणि & सारखी चिन्हंही अशा फाँटमध्ये अक्षरांच्या कामाला जुंपलेली असतात, म्हणजे फाइल मोडायची पक्की सोय. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग पुढचं बोला.

ही दोन चिन्हं एरवीही सांभाळायची. < दिसलं की पार्सरला वाटतं टॅग सुरू झाला. & दिसलं की वाटतं सांकेतिक अक्षर येतंय. त्यामुळे 'आडत & कमिशन' किंवा 'ओलावा < १२' असं सरळ लिहिता येत नाही. & साठी &#38; आणि < साठी &#60; लिहायचं. या संकेतात आकडे इंग्रजीच लागतात, देवनागरी चालत नाहीत. फाइलीत माणसांसाठी शेरा टाकायचा असेल तर तो असा:

<!-- भाव सौद्यातला, कपातीच्या आधीचा -->

पार्सर तो डेटा म्हणून धरत नाही. शेऱ्याच्या आत मात्र दोन आडव्या रेघा लागोपाठ टाकू नका.

टॅग की ॲट्रिब्यूट

वजनाचं एकक मी ॲट्रिब्यूटमध्ये टाकलं आणि गाव वेगळ्या एलिमेंटमध्ये. उलटं केलं असतं तर? चाललं असतं. एक्सएमएल यात दखल देत नाही आणि जाणकारांचं यावर एकमत कधी झालेलं नाही. मी पाळतो तो नियम असा: जे स्वतः माहिती आहे ते एलिमेंट, जे माहितीबद्दलची माहिती आहे ते ॲट्रिब्यूट. १३.२० हे वजन. ते क्विंटलमध्ये आहे ही त्या वजनाबद्दलची गोष्ट. याहून मोठं कारण पुढच्या वाढीचं आहे. एका टॅगात एकाच नावाचं ॲट्रिब्यूट दोनदा येत नाही आणि त्याच्या पोटात आणखी काही ठेवता येत नाही. शेतकऱ्याने सोयाबीनसोबत तूरही आणली तर <माल> हे एलिमेंट दुसऱ्यांदा लिहिता येतं. माल हे ॲट्रिब्यूट असतं तर अडलो असतो. शंका आली की एलिमेंट करा. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची फाइल मात्र याच्या उलट्या वळणाची आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं ॲट्रिब्यूटमध्ये. तेही बरोबरच, कारण एका माणसाला जन्मतारीख एकच.

वेल-फॉर्म्ड असली म्हणजे फाइल बरोबर असतेच असं नाही. <कट्टे>उद्या सांगतो</कट्टे> हे वेल-फॉर्म्ड आहे. ते अडवायचं तर कुठला टॅग कुठे येईल, कितीदा येईल आणि त्यात काय बसेल याचा वेगळा करार लिहावा लागतो. त्याला स्कीमा म्हणतात. सुरुवातीला यासाठी डीटीडी होती, २००१ पासून एक्सएसडी आली. कराराला उतरणारी फाइल व्हॅलिड. इथे देवनागरीचा आणखी एक चिमटा बसतो. एक्सएसडीतला संख्येचा प्रकार फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. वरच्या पट्टीतलं १३.२० एक्सएमएलला मान्य आहे, पण स्कीमाने तिथे संख्या मागितली तर ते नापास. म्हणून फाइलीत इंग्रजी आकडे ठेवावेत आणि पट्टी छापताना त्यांचं मराठी करावं.

नेमस्पेस हा प्रकार सध्या एवढाच कळला तरी पुरे: शेतकऱ्याचं <नाव> आणि मालाचं <नाव> दोन वेगवेगळ्या करारांतून आले तर गोंधळ नको, म्हणून आधी उपनाव जोडतात, <शेत:नाव>, <माल:नाव> असं. ते उपनाव एका वेबपत्त्याशी बांधलेलं असतं. तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडलाच पाहिजे असं काही नाही, एकमेव ओळख म्हणून तो वापरलेला असतो.

हे भेटतं कुठे

टॅलीतून डेटा बाहेर काढताना किंवा आत घेताना एक्सएमएलचा पर्याय असतो. वर्डची फाइल २००७ पासून मुळात एक्सएमएलच. एखाद्या फाइलीची कॉपी करून शेवटचं डॉक-एक्स बदलून झिप करा आणि उघडा. आत एक्सएमएलच्या फाइलींचा अख्खा संसार सापडेल. आधारच्या वर सांगितलेल्या फाइलीवर डिजिटल सही असते, त्यामुळे आतल्या माहितीतलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही.

आणि विजेचा इशारा. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसं-जनावरं दगावतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' ही व्यवस्था इशारे देते ते कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, म्हणजे कॅप, या मानकावर, आणि कॅपचा निरोप एक्सएमएलमध्ये असतो. त्यात घटना कोणती, घाई किती, तीव्रता किती, खात्री किती, क्षेत्र कुठलं, याचे वेगवेगळे टॅग आहेत. माहितीचा भाग भाषेगणिक पुन्हा लिहिता येतो, म्हणजे एकाच इशाऱ्यात मराठी आणि इंग्रजी दोन्ही. क्षेत्र नकाशावर आखायचं तर सीमेवरच्या बिंदूंची जोड्या-जोड्यांनी यादी द्यायची, आणि कॅपमध्ये प्रत्येक जोडीत आधी अक्षांश, मग रेखांश.

शेताची हद्द गुगल अर्थवर दाखवायला केएमएल फाइल वापरतात. तीही एक्सएमएलच. पण तिच्यात क्रम बरोबर उलटा, आधी रेखांश, मग अक्षांश. लातूर साधारण १८.४ अंश उत्तर आणि ७६.६ अंश पूर्व. कॅपच्या सवयीने केएमएलमध्ये १८.४,७६.६ लिहिलंत तर तुमचं वावर नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्डजवळच्या समुद्रात जाऊन पडतं. फाइल वेल-फॉर्म्ड आहे, आकडे आकड्यांच्या जागी आहेत, कुठलाही पार्सर तक्रार करत नाही. टॅगवर नाव असलं तरी त्या नावाचा अर्थ माणसांनीच आपसात ठरवलेला असतो आणि तो कागदपत्र उघडून वाचावाच लागतो. म्हणून कुणी एक्सएमएल फाइल मागितली की आधी त्यांच्याकडून स्कीमा आणि भरलेला एक नमुना मागून घ्या.

'आता सगळं जेसनमध्ये असतं, एक्सएमएल कशाला शिकायचं?' हा प्रश्न वर्गात हमखास येतो. जेसन ही माहिती नावानिशी लिहायची दुसरी पद्धत. अर्धा खरा आहे. जीएसटीच्या फाइली जेसनमध्ये असतात. आयकराची विवरणपत्रं पूर्वी एक्सएमएलमध्ये चढवायची, २०२१ मध्ये नवं पोर्टल आलं तेव्हापासून तीही जेसनमध्ये गेली. नुसते रकाने आणि आकडे असतील तर जेसन आटोपशीर पडतं, मीही तेच वापरतो. पण सलग मजकुराच्या मध्येच खुणा करायच्या असतील तर जेसन लंगडं पडतं. जुन्या कागदातली समजा अशी एक ओळ आहे:

<ओळ>मौजे <गाव>अंबड</गाव> येथील <शंका>चावडीस</शंका> पत्र <पाठभेद प्रत="दुसरी">पोचले</पाठभेद> पावले.</ओळ>

वाक्य वाक्यच राहिलं. कुठला शब्द गावाचं नाव आहे, कुठला नीट लागत नाही आणि दुसऱ्या प्रतीत काय आहे, ते जागच्या जागी कळलं. पैठणला एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली, तसलं काम आज कॉम्प्युटरवर करणारे अभ्यासक टीईआय नावाची एक्सएमएलची टॅगमाला वापरतात. तिचं काम १९८७ पासून, म्हणजे एक्सएमएलच्याही आधीपासून, चालू आहे. पुसट अक्षर, फाटलेली जागा, मागाहून खोडलेला शब्द, दोन प्रतींतला फरक, सगळ्याला तिच्यात तयार टॅग आहेत. वरची ओळ जेसनमध्ये लिहायला बसलात तर आधी वाक्याचे सात तुकडे करावे लागतील आणि मग ते कुठल्या क्रमाने जोडायचे हेही सांगावं लागेल.